शेवटचं पान आधी

‘त्याने संत्र्याची साल एका सलग पट्टीत काढली, फोडी तिच्या तळहातावर ठेवल्या, आणि साल पुन्हा गोल गुंडाळून ताटलीत अशी बसवली की बघणाऱ्याला वाटावं, या संत्र्याला अजून कुणी हातही लावलेला नाही.’ इथपर्यंत धाकटीने सरळ वाचलं. आवाज चांगला लागला होता, घसा मोकळा होता. वाक्य संपलं तिथे ती थांबली, आणि थांबलीच. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने मान वर केली. त्याला बारा महिने सर्दी असते, नाक ओढत त्याने बटण दाबलं आणि त्याचा आवाज तिच्या कानात आला, “मॅडम, काय झालं? परत घेऊ या का?” ती म्हणाली, “नाही, पाणी पिते.” पाणी प्यायली. पाण्याने काय होणार होतं, कपाळ! ते संत्रं तिचं होतं. ती सलग साल तिची होती, ती रिकामी फसवी गोळी तिची होती. फक्त ज्या हातांनी ती ताटलीत बसवली होती ते हात कुणा पुरुषाचे होते, आणि त्या पुरुषाला तिने जन्मात पाहिलेलं नव्हतं.

पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करायची, हे तिचं पोटापाण्याचं काम. ज्यांना दिसत नाही, ज्यांना सवड नाही, ज्यांना स्वयंपाक करता करता कुणीतरी बोलत असलेलं लागतं, त्या सगळ्यांच्या घरी तिचा आवाज जातो. पन्नाशीला टेकली तरी घरात ती धाकटीच. तशी हाक मारणारी एकच, तिची थोरली बहीण. आईवडील गेल्यावर ताईने शिवणकाम करून हिला वाढवलं. शाळांचे गणवेश, लोकांचे पडदे, उशांचे अभ्रे शिवता शिवता ताईचे डोळे गेले, म्हणजे पुरते गेले नाहीत, पण अक्षर लागेनासं झालं. लहानपणी फोडी आपण खाऊन ती सालीचं संत्रं ताईसमोर ठेवायची. ताई ते उचलायची, ते हातात चेपायचं, आणि ताई ओरडायची, “फसवलंस गं मेले!” दर वेळी फसायची. निदान धाकटीला तरी तसं वाटायचं. पुढे मोठेपणी ही खोड तिने आणखी एकाच माणसाला दाखवली होती, आणि त्या माणसाचं नाव आता तिच्या पुढ्यातल्या पुस्तकावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं.

ते पुस्तक लिहिणारीला टाचणी हे नाव ताईने ठेवलं. बारीक, सरळ, आणि जिथे ठेवू तिथे टोचणारी. वाचनालयात भेटली होती. दोघींचा एकाच पुस्तकाला एकाच वेळी हात लागला, आणि टाचणीने ते पुस्तक हिसकून घेऊन चक्क शेवटचं पान उघडलं, वाचलं, आणि परत फळीवर ढकललं. “मेली,” ती म्हणाली. “कोण?” “दोघींतली एक. नेहमीसारखी.” धाकटीला वाटलं, ही बाई वेडी आहे. मग घरी जाऊन कळलं की आपणही आयुष्यभर तेच करायला हवं होतं. दोघींच्या प्रेमाच्या गोष्टींतल्या किती जणी गेल्या होत्या तिच्या डोळ्यांदेखत! एक तापाने, एक तळ्यात, एक गच्चीवरून. एक तर धडधाकट होती, तिला लेखकाने उगाचच बर्फात पाठवलं. पानापानावर एकमेकींचे केस विंचरायच्या, पत्रं लिहायच्या, आणि शेवट जवळ आला की लेखकाला काय व्हायचं देव जाणे, एकीला उचलून नेल्याशिवाय त्याला राहवायचं नाही. उरलेली मग शहाणी होऊन लग्न करायची. तेव्हापासून दोघींचा रिवाज पडला, पुस्तक घेण्याआधी फळीपाशी उभ्या उभ्या शेवटचं पान बघायचं. त्याला त्या ‘नाडी बघणं’ म्हणायच्या. “आहे का जिवंत?” “आहे, आहे. चहा करतेय.” “मग घे.” बाकीचे वाचक शेवट कळला की चिडतात, ह्या दोघींना शेवट कळल्याशिवाय सुरुवात करायची छाती होत नसे.

मग मोठ्याने वाचायच्या. टाचणीच्या खोलीत, पलंगावर आडव्यातिडव्या, एकीने वाचायचं, दुसरीने मध्ये मध्ये बोलायचं. धाकटीचा आवाज तिथे तयार झाला; पुढे लोकांनी त्याचे पैसे दिले ही गोष्ट वेगळी. आणि तिचं मध्ये मध्ये बोलणं तर टाचणी जीवाचा कान करून ऐकायची. नवऱ्याचं घर सोडून दार आपटून निघालेल्या बायकांच्या कादंबऱ्या तेव्हा फार यायच्या. धाकटीला त्या आवडायच्या, अंगावर काटा यायचा, पण तिचा प्रश्न एकच असायचा, “आज रात्री ही झोपणार कुठे? ते का नाही लिहिलं?” आणि त्या भारी, मोठ्या नावाच्या कादंबऱ्या, ज्यांत माणूस अर्धं पुस्तक खिडकीशी उभा असतो, त्या वाचताना ती म्हणायची, “ह्याला कुणीतरी भाजी निवडायला बसवा रे.” टाचणी हसून हसून पलंगावरून खाली यायची. “बोल, बोल,” म्हणायची, “तू बोलतेस ते मला पुढे उपयोगी पडणार आहे.” तेव्हा ते किती गोड वाटलं होतं!

ताईला सांगायचं कसं, हा धाकटीच्या जिवाला घोर होता. बाकी जगाची तिला फारशी फिकीर नव्हती. जग कुठे तिला जेवायला वाढत होतं? पण ताईने एकदा पाहावं, आणि पाहून म्हणावं, बरं आहे गं. तोंडाने बोलणं जमेना, म्हणून तिने पुस्तकांचा मार्ग धरला. ताईच्या शिलाई मशीनवर, कात्रीशेजारी, सहज राहिल्यासारखं पुस्तक ठेवून द्यायची. ताई वाचायची आणि मतं द्यायची. घर सोडून गेलेल्या बाईबद्दल म्हणाली, “गेली ते बरंच केलं. पण चष्मा टेबलावरच राहिला की तिचा. आता कशाने वाचेल?” आणखी एकीबद्दल म्हणाली, “हिच्या घरात एक भांडं घासायला नाही का गं, सदान् कदा कसली उदास असते?” मग धाकटीने हिंमत करून एक दोघींचं पुस्तक ठेवलं. त्याचा शेवट वाईट होता, नाडी बंद होती. पण मधली पानं इतकी खरी होती की तिला वाटलं, ताईला त्यातच कळेल. पुस्तक बरेच दिवस मशीनवर होतं. एके दिवशी परत धाकटीच्या उशाशी आलं. “वाचलंस?” तिने विचारलं. ताई धागा ओवत होती. “अक्षर फार बारीक आहे गं,” ती म्हणाली. बस्स. धाकटीने ते उत्तर समजून घेतलं आणि पुन्हा तसलं पुस्तक मशीनवर ठेवलं नाही.

हे टाचणीला सांगताना ती रडली होती. तेव्हा टाचणीने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, “मी लिहीन. दोघींचं. कुणी मरणार नाही त्यात. तुझ्या ताईला बिनधास्त हातात देता येईल असं लिहीन.” शपथबिपथ नाही घेतली, पण धाकटीने ती घेतल्यासारखीच धरली. पुढे टाचणीला दुसऱ्या गावी लेखनासाठी बोलावणं आलं, मोठी नावाजलेली जागा, वर्षभर राहायचं, खायचं, लिहायचं. वर्षाची दोन झाली, फोन आठवड्यावरून महिन्यावर गेले, मग सणावारासारखे कधीतरी, मग तेही नाहीत. भांडण झालं असतं तर बरं, निदान आठवायला काही राहिलं असतं. धाकटी अंथरुणाला खिळली. जेवण जाईना. ताईने विचारलं, “काय होतंय?” ती म्हणाली, “पित्त झालंय.” ताईने पित्ताची गोळी दिली, पातळ भात करून घातला, आणि एक अक्षर जास्त विचारलं नाही.

टाचणीची पुस्तकं आली, गाजली. सभांमधून ती निर्भय लेखनावर बोलायला लागली. बाईने स्वतःचं खरं सांगितलं पाहिजे, असं म्हणायची आणि टाळ्या पडायच्या. धाकटी ती भाषणं ऐकायची आणि, हसायला हरकत नाही, तिला राग यायचा नाही. तिला वाटायचं, लिहितेय. माझं अजून यायचंय. आणि मागच्या आठवड्यात ध्वनिपुस्तकांच्या कचेरीतून निरोप आला, नवी कादंबरी आहे, प्रेमाची आहे, आणि लेखिकेने मुद्दाम तुमचाच आवाज मागितला आहे. त्या दिवशी ती जिना दोन दोन पायऱ्या उतरली. रिवाजाप्रमाणे वाचणाऱ्याने पुस्तक आधी घरी पुरतं वाचून यायचं असतं. तिने “वाचलं” असं सांगितलं, आणि वाचलं नव्हतं. तिला ते पहिल्यांदाच मोठ्याने वाचायचं होतं, जसं पलंगावर वाचायची तसं. नाडीसुद्धा पाहिली नाही. टाचणीच्या पुस्तकाची कसली नाडी बघायची!

आता वाचत होती. तो पुरुष उंच होता, त्याला गणिताची आवड होती, त्याला मिशी होती. इतकं सोडलं तर तो नखशिखांत ती होती. तो एका पायावर उभा राहून वाचायचा. त्याला शिंक यायच्या आधी तो कानाची पाळी ओढायचा. नायिकेने त्याला एक कादंबरी वाचून दाखवली तेव्हा तो म्हणाला, “आज रात्री ही झोपणार कुठे? ते का नाही लिहिलं?” आणि नायिकेला वाटलं, किती हळवा पुरुष आहे हा, बाईच्या झोपेचा विचार करणारा. धाकटीने ते वाक्य वाचलं. स्वतःच्याच तोंडून, पुरुषासाठी राखून ठेवलेल्या जरा खालच्या पट्टीत वाचलं. रेकॉर्डिस्टने अंगठा दाखवला. तो नाक पुसत कानात म्हणाला, “हा माणूस तुम्हाला फार छान जमतोय, मॅडम.” तिला हसू आलं. चोरी झाली म्हणावं तर घरातलं काही गेलेलं नाही. सगळं जागच्या जागी होतं, फक्त तीच नव्हती. आयुष्यभर ती पुस्तकांत स्वतःला शोधत आली होती. बर्फात, तळ्यात, तापाच्या खोलीत शोधत आली होती. आणि सापडली तेव्हा मिशी लावून सापडली.

रोज ती स्टुडिओत जायची, काचेच्या खोलीत बसायची, दार बंद झालं की कान दडपल्यासारखे व्हायचे, आणि वाचायची. काम टाकून देता आलं असतं. पण तिला शेवटाची आशा होती, खोटं कशाला बोला. मिशी तर मिशी, तिने स्वतःची समजूत घातली. लोकांची भीती वाटली असेल, प्रकाशकाने सांगितलं असेल. पण टाचणी मारणार नाही. एवढं तरी ती पाळील. शेवटच्या प्रकरणाला तो पुरुष आजारी पडला. सहा पानं आजारी होता. मग एका संध्याकाळी नायिकेने सोललेलं संत्रं त्याच्या उशाशी राहिलं आणि तो गेला, आणि नायिका खिडकीशी उभी राहिली, आता तिला स्वतःचा आवाज सापडला होता, आता ती लिहू शकत होती. धाकटीने एकही चूक न करता वाचलं. एका दमात झालं. रेकॉर्डिस्टचे डोळे ओले झाले होते. सर्दी असेल म्हणून सोडून देता आलं नाही. “आता फक्त नाव राहिलं,” तो म्हणाला. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी वाचणारीचं नाव तिच्याच आवाजात घेतात, तशी पद्धत आहे. धाकटी म्हणाली, “नाव उद्या घेऊ. घसा बसलाय.”

दार उघडून बाहेर आली तर बाकावर टाचणी बसलेली. केस पांढरे, बाकी तीच, सरळ, बारीक. उठून तिने धाकटीचे दोन्ही हात धरले. “बाहेरून ऐकलं मी. शेवट ऐकला. तू त्याला जिवंत केलंस गं!”

“तू मारलंस की,” धाकटी म्हणाली.

टाचणीने हात सोडले नाहीत. “शेवट हवा होता काहीतरी.”

“चहा करायचा होता त्याने. चहा करत राहिला असता तर काय बिघडलं असतं?”

“तसं पुस्तक संपत नाही, धाकटे.” ती हळू बोलायला लागली, रेकॉर्डिस्ट दाराशी वायरी गुंडाळत होता. “हे बघ, मी वचन पाळलं. ताईला हातात देता येईल असं लिहिलं. दिलं असतंस का तू, दोघी असत्या तर? खरं सांग. आता दे. बिनधास्त दे. आणि तुझाच आवाज का मागितला माहितेय? जगाला कळणार नाही, पण आपल्याला कळेल. तुझं तुलाच परत दिलं मी.”

धाकटीला खूप काही बोलायचं होतं. सभांमधल्या टाळ्यांचं बोलायचं होतं. पण तिला एकदम दिसलं की टाचणीला हे सगळं खरंच वाटतंय; ती फसवत नव्हती, तिची तिलाच खात्री पटलेली होती, आणि अशा माणसाशी भांडून काय मिळवायचं? “तुला भीती वाटली,” एवढंच ती म्हणाली.

“तुला नाही वाटली कधी?”

“वाटली. पण मी त्यावर भाषणं नाही दिली.” हात सोडवून घेऊन ती जिना उतरली. टाचणीने वरून हाक मारली, पण ती त्या पुरुषाच्या नावाने मारली असती तरी तितकीच लागली असती.

ताईला ऐकायला द्यायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण ताई कसली सोडते! “टाचणीचं पुस्तक ना? मग आण की घरी. मी काय मेले का?” धाकटीचं प्रत्येक पुस्तक ताई ऐकायची, छोट्या स्पीकरवर; त्याला ती डबडं म्हणायची. शेवटी धाकटीने कच्ची प्रत घरी आणली, आणि दोन-तीन दुपारी डबडं चालू होतं. धाकटी स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत होती, आणि भिंतीपलीकडून तिचाच आवाज येत होता, कधी बाईचा, कधी बाप्याचा. शेवट आला. आवाज थांबला. ती बाहेर आली तर ताई पदराने डोळे पुसत होती, आणि डबड्याकडे तोंड करून तशीच बसली होती.

“संपलं ताई.”

“नाव नाही आलं तुझं.” ताई प्रत्येक वेळी नावापर्यंत थांबायची.

“अजून घेतलं नाही.”

ताई म्हणाली, “मी वाट बघत होते.”

“कसली?”

“तुझी. टाचणीचं पुस्तक म्हटल्यावर तू असणारच की त्यात. म्हटलं, आता येशील, मग येशील. कुणी मैत्रीण नाही, शेजारीण नाही. इतकी वर्षं दोघी एका जिवाच्या, आणि हिने तुला दारातसुद्धा उभी केली नाही? असा कसा गं माणूस कृतघ्न!”

धाकटीच्या हातात फडकं तसंच राहिलं. “म्हणजे तुला माहीत होतं.”

“डोळे गेले ते आत्ता. तेव्हा चांगले होते माझे.”

आणि तेव्हा, जो राग टाचणीवर निघाला नव्हता तो सगळा बिचाऱ्या ताईवर निघाला. “माहीत होतं? ती गेली तेव्हा मी महिनाभर पडून होते, आणि तू मला पित्ताची गोळी दिलीस! ते पुस्तक ठेवलं होतं मी तुझ्यासाठी, तू म्हणालीस अक्षर बारीक आहे! इतकी वर्षं मी एकटी, ताई. एकाच घरात. एका शब्दाने तरी बोलायचंस!”

“पित्त तूच म्हणालीस.” ताईचा आवाज लहान झाला होता. “आणि ते पुस्तक मी पुरतं वाचलं होतं. दोनदा वाचलं. गुणी मुली होत्या दोघी. पण शेवटी ती एक जीव देते ना गं. मला वाटलं, ही मला काय सांगतेय? ही पण तसंच काही करणार आहे की काय? हातपाय गार पडले माझे. तोंडाला आलं ते बोलले, अक्षर बारीक आहे. वाटलं, बोललं नाही तर टळेल.”

धाकटी खाली बसली, ताईच्या पायाशी, शिलाई मशीनला पाठ टेकून. लिहिणारे कुठेतरी बसून दोन ओळींत एकीला मारून मोकळे होतात आणि त्या दोन ओळी कुणाच्या घरात किती वर्षं बसून राहतात! तिला ताईला घट्ट धरावंसं वाटलं आणि तिचं तोंडही बघू नये असं वाटलं.

“एक मात्र मला कळलं नाही,” ताई डोळे पुसत म्हणाली. “ते संत्र्याचं. ती खोड तर तुझी. मला माहीत असायचं हो, रिकामं आहे ते, पण तुला मजा वाटते म्हणून मी चेपायची. तुझी खोड उचलून हिने त्या बाप्याला कशी दिली?”

“खोड नाही दिली, ताई.” धाकटीने हातातलं फडकं खाली ठेवलं. “तो बाप्या मीच आहे.”

ताईचे अधू डोळे धाकटीचा चेहरा शोधत राहिले, आणि तिने हात पुढे करून तो चाचपला. कपाळ, नाक, ओठांवरची जागा.

“मग मारलं का तुला?” तिने विचारलं.

ताईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. डबडं अजून बंद केलेलं नव्हतं, ताईला नावापर्यंत थांबायची सवय. पण धाकटीने हात लांबवून ते बंद केलं, आणि त्या पुस्तकाच्या शेवटी आपलं नाव ती उद्याही घेणार नव्हती.